सर्पमित्र घाबरला नव्हता

किनाऱ्यावरच्या त्या शाळेतली मुलं अजून सांगतात, की सापवाला दादा घाबरून मेला. हे त्यांना मी शिकवलं. माइकवरून, स्वच्छ उच्चारात, दोनदा.

त्यानंतर मी माइक हातात घेतलेला नाही. पण लिहिते आहे, कारण लिहिण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि जे बिघडवलं त्याची सुरुवातही लिहूनच झाली होती.

मी पत्रकांवर वाढले. बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होते आणि पाळी सुटली की दुसऱ्या कारखान्यांच्या गेटवर उभे राहून पत्रकं वाटायचे. उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, चित्रं काढली, आणि कोरी बाजू संपली की छापलेली वाचायचे. 'हातमोजे हा उपकार नव्हे, हक्क आहे.' 'अंगात देव येत नाही, ताप येतो.' इतर मुलांना बडबडगीतं पाठ असतात तशी मला ही वाक्यं पाठ होती. बाबांचा एक नियम होता. एका पत्रकात एकच गोष्ट सांगायची. "दोन सांगितल्या तर माणूस घरी पोचेपर्यंत दोन्ही विसरतो," ते म्हणायचे. "एकच सांग, आणि अशी सांग की त्याला वाद घालता येऊ नये."

वाद घालता येऊ नये असं बोलणं मी फार चांगलं शिकले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी बोईसरच्या एका सर्पमित्र गटात शिरले. सापांचं प्रेम वगैरे नव्हतं, भगतांवर राग होता. ओळखीतल्या एका बाईला मण्यार चावली होती आणि दवाखान्यात न्यायचं सोडून घरच्यांनी तिला मंत्र घालणाऱ्या भगतासमोर अंगणात बसवून ठेवलं. ती गेली. त्या वयात शत्रू मिळाला की माणसाला बरं वाटतं. गटालाही पत्रकं लिहिणारं कोणीतरी हवंच होतं.

गटात साप धरणारे चौघे होते, पण फोन यायचा तो बेटेगावच्या दादाला. दादा कारखान्यांत कंत्राटावर वायरिंगची कामं करायचा. शिडीवर असतानाच त्याच्या खिशातला फोन वाजायचा. समोर कामगारांच्या चाळीतलं कोणीतरी.

"भैया, बाथरूम में साप है."

"और कौन है बाथरूम में?"

"और कोई नहीं."

"तो फिर दरवाजा बंद करो, उसको नहाने दो. मैं आता हूँ."

समोरचा हसायचा, आणि हसला की काठी खाली ठेवायचा. दादाचं अर्धं काम असं फोनवरच व्हायचं. जाऊन साप उशीच्या अभ्र्यात घालायचा, गाठ मारायची, चहा घ्यायचा, निघायचं.

घरामागे त्याची पत्र्याची एक खोली होती. तिथे भोकं पाडलेल्या झाकणांच्या मोठ्या बरण्या होत्या. खरं तर धरलेला साप नोंद करून त्याच दिवशी सोडायचा असतो. दाखवायला ठेवायचा नसतो. हा नियम आमच्याच एका पत्रकात होता, तोही मीच लिहिलेला. पण शाळेत कार्यक्रम ठरला की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न असायचा, "खरा साप आणणार ना?" चित्रांचा तक्ता बघायला कोणी दोन तास मोकळे ठेवत नव्हतं. म्हणून एखादा नाग दादाच्या खोलीत दोन-चार दिवस पाहुणा राहायचा.

नाग चिडला की बरणीच्या काचेला तोंड मारायचा. आतल्या बाजूला विषाचे थेंब सुकून बसायचे. बरणी रिकामी झाली की दादा ती ओल्या फडक्याने पुसायचा, आणि पुसायला लागला की शिंका सुरू. नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे, मनगटावर खाज सुटायची. गटात याला 'सापाची सर्दी' म्हणत.

"दादा, तुला नाग चावायला नको," गटातला कोणीतरी म्हणायचा, "मोबाइलवर फोटो टाकला तरी शिंकशील."

"हसा," दादा फडकं पिळत म्हणायचा. "अंगाला आता ओळख पटलीय जहराची. दोनदा येऊन गेलंय. तिसऱ्यांदा आलं तर चहा पिऊन जाईल, पाव्हण्यासारखं."

दोनदा म्हणजे एकदा घोणस आणि एकदा नाग. दोन्ही वेळा तो वेळेत दवाखान्यात पोचला होता, प्रतिविषाच्या बाटल्या लागल्या होत्या, खाटेवरून अंगठा वर केलेला त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला होता. चावा ही आमच्यात पदवी होती. एकही चावा नसलेल्याला आम्ही 'कोरा' म्हणायचो. आणि अंगाची ओळख पटते ही गोष्ट आम्ही सगळेच मानत होतो, मी सुद्धा. कुठे वाचली, कोणी सांगितली, कोणाला माहीत नाही. भगताच्या ताईताला हसणारे आम्ही, दादाच्या अंगात दोन चाव्यांचा ताईत आहे असं समजत होतो.

आता माझ्या पत्रकाबद्दल. 'साप चावला? घाबरू नका.' माझं सगळ्यात गाजलेलं लिखाण. पाड्यांवर गेलं, ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लागलं, एका दवाखान्याच्या भिंतीवर तर काचेत लावलं होतं. त्यात एकच गोष्ट होती: साप चावलेली माणसं विषापेक्षा भीतीने जास्त मरतात, म्हणून शांत बसा, धावपळ करू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, गाडी बोलवा, दवाखान्यात चला. विषापेक्षा भीतीने जास्त मरतात, हे वाक्य या क्षेत्रातला प्रत्येक जण म्हणतो. कोणी मोजलं, हे मी कधी विचारलं नाही. मला ते वाक्य कानाला गोड लागलं.

छापण्याआधी मसुदा एका डॉक्टरांना दाखवला होता. त्यांनी तळाशी पेनाने दोन ओळी वाढवल्या होत्या. चावल्यानंतर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, धाप लागली, तर ती भीती समजू नका, अ‍ॅलर्जी असू शकते. ताबडतोब जवळच्या दवाखान्यात न्या. आधी साप चावलेल्यांनी आणि साप हाताळणाऱ्यांनी जास्त जपावं.

मी त्या दोन ओळी काढल्या. कागदावर जागा होती. पण ती दुसरी गोष्ट होती.

शाळेचा कार्यक्रम थंडीत होता. एडवणच्या बाजूला, किनाऱ्याजवळच्या एका गावात. शाळेमागे सुरूची झाडं, पलीकडे समुद्र, वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. दादा मोटरसायकल चालवत होता, मी मागे नागाची बरणी मांडीत धरून. पालघर सोडलं तेव्हा त्याने विचारलं, "झोपलाय का जागा हाय?" मी म्हटलं, "जागा आहे." "मग त्याला तुझं पत्रक वाचून दाखव, झोपेल."

मुलं मैदानात रांगांनी बसली होती. मी माइकवर, दादा मध्ये. नागाने फणा काढला तशी पहिली रांग मागे सरकली आणि शेवटची पुढे आली. सगळं नेहमीसारखं. शेवटी दादा नागाला अभ्र्यात घालत होता तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दादा, हा तुमाला ओळखतो काय?"

दादाने उत्तर द्यायला मान वर केली. एवढंच झालं. नागाने अंगठ्याशेजारचं बोट धरलं.

"चावला," दादा म्हणाला. ठेच लागल्यावर म्हणावं तसं. मग त्याने नाग शांतपणे अभ्र्यात सरकवला, गाठ मारली, अभ्रा बरणीत ठेवला, झाकण लावलं. झाकण नीट बसलं का ते दाबून पाहिलं. त्यानंतरच खुर्चीवर बसला. एका गुरुजींनी फूटपट्टी आणून रुमालाने त्याचा हात बांधला. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. निघते म्हणाले.

मुख्याध्यापक घामाघूम झाले होते. "माझी मोटरसायकल आहे," ते म्हणाले. "मध्ये बसवून नेऊ का? दवाखाना वीस मिनिटांवर आहे."

"नको सर," मी म्हणाले. "चावलेल्या माणसाला धक्के बसता कामा नयेत. आपल्याकडे वेळ आहे."

आणि मी माइक परत उचलला. तीस-चाळीस मुलं रडवेली झाली होती आणि माझ्यासमोर माझं अख्खं पत्रक जिवंत बसलेलं होतं. अशी संधी पुन्हा येणार नाही असं मला वाटलं. हे मला खरोखर वाटलं, म्हणून लिहिते.

"मुलांनो, नीट बघा. दादाला साप चावला. दादा पळाला का? रडला का?"

"नाही," मुलं म्हणाली.

दादा हसला. डाव्या हाताने उजव्या हाताचा तळवा खाजवत होता. मग मान खाजवायला लागला. "तळवे पेटलेत गो," तो मला हळू म्हणाला. दोन-तीन मिनिटंही झाली नसतील. चेहरा लालबुंद. त्याने घसा खाकरला, परत खाकरला. पोटात कळ आली म्हणाला, आणि तिथेच वाकून ओकला.

"मना बरं नाय वाटत," दादा म्हणाला. "आतून कायतरी व्हतंय. जातो की काय असं वाटतंय."

मी हसले. त्याला धीर यावा म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला तो नाटक्या वाटला. दोन चाव्यांचा पदवीधर, आणि मुलांसमोर असं करतोय.

"बघा मुलांनो," मी माइकवर म्हणाले, "दादासारखा माणूसही घाबरतो. पण हे विषाने होत नाहीये. नागाचं विष इतक्या लवकर चढत नाही. ही भीती आहे. भीतीच माणसाला मारते."

नागाचं विष इतक्या लवकर चढत नाही, हे माझं वाक्य बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे.

तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणारी मावशी हातात पळी घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. साठीच्या आसपासची, कमरेला पदर खोचलेला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. दादाच्या मानेकडे बघत होती.

"गो बाय, भीतीनं गांदी उठतात काय?"

"मावशी, तुम्ही बाजूला व्हा. गर्दी नको."

"माझी जाव कोलंबी खाल्ली की अशीच व्हते. पयली खाज, मग व्हट सुजतात, मग घशात शीळ वाजते. तिला मांडीत सुई देतात तवा उठते. याला ने आत्ताच्या आता."

"त्याने कोलंबी नाही खाल्लेली. नाग चावलाय."

"काय चावलं ते ऱ्हाऊ दे. अंगावर काय दिसतं ते बघ."

यावर मी तिला जे बोलले ते इथे लिहिणं भाग आहे. मी म्हणाले, "मावशी, असल्याच अंदाजाने भगत लोक माणसं मारतात." माइक चालू होता. काही मुलं हसली.

मावशीने वाद घातला नाही. वाद घालता येऊ नये असंच मी बोलले होते. ती पळीसकट फाटकाबाहेर गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

मी परत माइकवर सांगितलं, ही भीती आहे. हे दुसऱ्यांदा.

अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, येते म्हणाले. आम्ही वाट बघत बसलो. पत्रकात लिहिल्याप्रमाणे. दादाचे ओठ सुजून बाहेर आले, डोळ्यांच्या फटी झाल्या. श्वास घेताना बारीक आवाज येऊ लागला. शीळ. तो आवाज ऐकला आणि मला त्या पेनाने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. अक्षरसुद्धा दिसलं, तिरकं. मी माइक खाली ठेवला तेव्हा तो घरंगळून मोठ्याने खरखरला, ते अजून कानात आहे.

रस्त्यावर मावशीने मासळीचा टेम्पो अडवला होता. दादाला उचलून आम्ही बर्फाच्या क्रेटांमध्ये ठेवायला लागलो तर मावशी आधीच आत चढून बसली होती. "आडवा नको करू, बसव," ती म्हणाली आणि त्याची पाठ स्वतःच्या छातीला टेकवून धरली. वाटेत तिने एकदाच विचारलं, "घरी कोण हाय याच्या?" "बायको आणि मुलगी," मी म्हणाले. दवाखान्याच्या फाट्याशी त्याची शीळ थांबली. थांबली म्हणजे बरं झालं असं मला क्षणभर वाटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी दादाला पाहिलं आणि एका सेकंदात सुई त्याच्या मांडीत गेली. मी ओरडत होते, "नाग चावलाय, प्रतिविष लावा." हक्काच्या आवाजात, बाबा गेटवर बोलायचे तशा.

"आधी श्वास," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मग साप."

त्यांनी पुष्कळ वेळ प्रयत्न केले. सिस्टरने छाती दाबली, डॉक्टरांनी दाबली, परत सिस्टरने. दुसरी सुई, तिसरी. मग थांबल्या.

बाहेर बाकावर येऊन बसल्या तेव्हा त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. आधी चावला होता का? दोनदा. सापांजवळ शिंका, खाज, डोळ्यांतून पाणी? हो. "त्याला तुम्ही काय म्हणत होतात?" सापाची सर्दी, हे शब्द तोंडातून बाहेर पडेनात.

"विषाने मारायला अजून वेळ होता," त्या म्हणाल्या. "यांच्या अंगाला विषाची ओळख पटलेली होतीच. वैऱ्याची पटते तशी. परत दिसलं तशी अंगाने स्वतःच आग लावली. सुरुवातीलाच पोचले असते तर पहिल्या सुईलाच बसते झाले असते कदाचित. ती सुई प्रत्येक दवाखान्यात असते." मग त्यांना काहीतरी आठवलं. "भीतीचं पत्रक तुमच्याच गटाचं ना? आमच्याकडे लावलंय." मी मागे पाहिलं. भिंतीवर, काचेत.

चार दिवसांनी बोईसरमध्ये गटाची शोकसभा झाली. स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला: हसरा दादा, फणा काढलेला नाग, आणि खाली 'सर्पमित्र शहीद'. मी अध्यक्षांना म्हणाले, नवीन पत्रक काढायचं, त्यात अ‍ॅलर्जीचं लिहायचं, आणि आपण चुकलो हेही लिहायचं. अध्यक्ष निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

"अ‍ॅलर्जी लिहिलंस तर लोक म्हणतील दवाखान्यातल्या सुईची झाली," सर म्हणाले. "परत भगताकडे जातील. दहा वर्षांचं काम जाईल. नाग चावला, दादा गेला, एवढंच खरं आहे आणि एवढंच पुरे."

"एवढंच खरं नाही, सर."

"एका पत्रकात एकच गोष्ट, हे तूच आम्हाला शिकवलंस ना?"

त्यांच्या म्हणण्यात काहीच दम नव्हता असं म्हणणं सोपं आहे. लोक सुईला घाबरतात, हे खरंच आहे. पण सभेत बसलेल्या बाकीच्या तिघांकडे मी पाहिलं. त्यातला एक बरण्या पुसायचं काम आता आपल्याकडे घेणार होता, आणि तो अधूनमधून नाक ओढत होता. मी त्याला बाहेर नेऊन विचारलं. "धुळीने," तो म्हणाला. मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. "मला एकदाच चावलाय," तो हसून म्हणाला. "मी अजून ज्युनिअर."

बेटेगावला दादाच्या घरी मी गेले ती महिन्याने. त्याआधी धीर झाला नाही. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मागच्या खोलीच्या बरण्या भंगारवाल्याला दिल्या होत्या.

"व्हिडिओ बगितलास?" त्यांनी विचारलं.

कोणीतरी कार्यक्रमाचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते फिरत होतं, हे मला माहीत होतं. मी बघितलं नव्हतं. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. त्यात माझा आवाज फार स्पष्ट आहे. ही भीती आहे, मी म्हणते, आणि मागे खुर्चीत बसलेला दादा मान हलवतो. नाही. मी दुसऱ्यांदा म्हणते, आणि तो दुसऱ्यांदा हलवतो. तेव्हा मी मुलांकडे तोंड करून उभी होते. माझी पाठ त्याच्याकडे होती.

"पोरीला शाळेत चिडवतात," वहिनी म्हणाल्या. "तुजा बापूस सापाला घाबरून मेला. ती आता शाळेतच जात नाय. माणूस गेला, त्याचं मी बगीन. पण बापूस भित्रा होता म्हणून तिनं मोठं व्हायचं काय?"

आत दाराआड त्याची मुलगी उभी होती. आठ-नऊ वर्षांची. तिने मला ओळखलं, आवाजावरून असेल.

"तू बोललीस ना," वहिनी म्हणाल्या. "तूच पुस आता."

पुसायचं कसं, मला एकच पद्धत येते. मी पत्रक लिहिलं. गटाने नाव द्यायला नकार दिला, म्हणून माझ्या नावावर काढलं. बोईसरच्या एका छपाईच्या दुकानात, पिवळ्या कागदावर. त्यात प्रथमच दोन गोष्टी होत्या. पहिली: चावल्यावर, किंवा दवाखान्यात सुई घेतल्यावरही, लगेच गांधी, सूज, धाप दिसली तर ती भीती नव्हे, पळा; धक्के बसोत, दुचाकी असो, टेम्पो असो, पळा. आणि साप हाताळताना शिंका-खाज येत असेल तर साप सोडा. दुसरी: त्या शाळेत सर्पमित्र घाबरला नव्हता. त्याने नाग आधी बरणीत बंद केला, मग खुर्चीत बसला. भीती आहे असं जिने सांगितलं ती चुकली, आणि ज्या बाईने बरोबर ओळखलं तिला तिने भगत म्हटलं.

बाबांनी वाचलं. "लांबलं," एवढंच म्हणाले.

शाळेत मुख्याध्यापकांनी मला ऑफिसच्या पायरीवरच थांबवलं. "सापाचा विषय आता शाळेत नको. वरून विचारणा झालीय. माइक तर नकोच." त्यांचा राग नव्हता. त्यांच्या मोटरसायकलकडे माझं लक्ष गेलं तशी त्यांनीही तिकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

मी मागे स्वयंपाकाच्या शेडकडे गेले. मावशी मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. मी पत्रक पुढे केलं. "मना वाचता येत नाय," ती म्हणाली. मी वाचून दाखवलं, तिच्याबद्दलच्या ओळीसकट. संपल्यावर पळी पातेल्याच्या काठावर आपटून साफ केली.

"तवाच ऐकलं असतंस तर कागुद कशाला लागला असता," ती म्हणाली.

घंटा झाली. मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. त्यांनी मला ओळखलं आणि रांग कुजबुजली. मी एकेकाच्या हातात पत्रक दिलं आणि माइकशिवाय सांगितलं, दादा घाबरला नव्हता, मी खोटं सांगितलं होतं. समुद्राच्या वाऱ्यात माझा आवाज चौथ्या-पाचव्या मुलाच्या पलीकडे पोचत नव्हता. पोचला तेवढ्यांनी ऐकलं. पत्रकाची दोघांनी तिथेच घडी घालून ताटलीखाली धरली.

पुढे ती मुलगी होती, नाग तुम्हाला ओळखतो का विचारणारी. तिने पिवळा कागद पूर्ण वाचला, ओठ हलवत. मग माझ्याकडे पाहिलं.

"पण तेव्हा तुमीच सांगितलं ना, भीतीनं मरतोय म्हणून?"

"हो. मीच."

"आता तुमीच सांगता नाय म्हणून. मग आमी कोणचं खरं धरायचं?"

एवढी पत्रकं वाचली, लिहिली, एकही ओळ आठवली नाही.

"या मावशींना विचार," मी म्हणाले. "त्यांनी त्याला छातीशी धरून नेलं."

रांगेतली सगळी तोंडं मावशीकडे वळली. मावशीने माझ्याकडे एकदा बघितलं, मग त्या मुलीकडे.

"त्याचा हात माज्या हातात व्हता," ती म्हणाली. "घाबरलेला माणूस हात आवळतो. त्यानं आवळला नाय. उलट माजाच हात थोपटत व्हता." मग तिने मुलीच्या ताटलीत पळीभर खिचडी घातली. "आता सरक पुढं. मागची पोरं भुकेली हायत."

हे मला तिने टेम्पोत सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मी तशीच बेटेगावला गेले. वहिनी नव्हत्या, मुलगी एकटी पायरीवर होती. पत्रक मी पिशवीतून काढलं नाही. तिला फक्त हाताचं सांगितलं, मावशीच्या शब्दांत. तिने ऐकलं आणि विचारलं, "कुठला हात? चावलेला का दुसरा?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, विचारून येते.